जीव लागत नही

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एक जळगावकडे शिकवतो, दुसरा धुळ्याकडे. दोन्ही गावांत नव्वदएक किलोमीटरचे अंतर आहे. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका, बैठका आणि एकमेकांची ग्रंथालये यांमुळे एरंडोल-पारोळ्याचा तो रस्ता आम्हांला पाठ झाला आहे. पुढील मजकूर दोघांनी मिळून लिहिला आहे. त्यात सांगितलेली चूकही दोघांची आहे. उत्तरपत्रिका तपासणारा एक होता, तिची फेरतपासणी करणारा दुसरा.

२०१६ सालची गोष्ट. तृतीय वर्ष कला शाखेचा आधुनिक कवितेचा पेपर. प्रश्न नेहमीचाच : बालकवींच्या कवितेतील उदासीनतेचे स्वरूप स्पष्ट करा. या प्रश्नाचे उत्तर कसे येणार हे आम्ही डोळे मिटून सांगू शकतो. आधी धरणगावचा जन्म, १९०७ चे जळगावचे कविसंमेलन आणि तेथे मिळालेली ‘बालकवी’ ही पदवी. मग निसर्ग, मग आनंद, मग आनंदाच्या तळाशी असलेली हुरहुर. आणि शेवटी १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली आलेला मृत्यू. त्या गठ्ठ्यातल्या एका मुलाने हा क्रम मध्येच सोडून दिला होता. पहिले पान रीतसर लिहून दुसऱ्या पानावर तो कवीला विसरला. त्याने लिहिले होते की उदासीनतेला कारण लागत नाही. घरचे विचारतात काय झाले, तर काहीच झालेले नसते. यंदा कापूसही बरा आला आहे. रात्री तीनला जाग येते आणि म्हशींच्या धारा निघेपर्यंत तो आढ्याकडे पाहत पडून असतो. भाकरीला चव नाही, माणसांत बसवत नाही. आणि मग त्याच्या घरच्या बोलीतले एक वाक्य : ‘मना जीव लागत नही.’

आम्ही समासात ‘स्वानुभवाशी सांगड उत्तम’ असा शेरा मारला आणि पंधरापैकी चौदा गुण दिले. एक गुण प्रमाणभाषेसाठी कापला. ‘मना’ खोडून ‘माझा’ केले, ‘नही’मधल्या न-ला लाल शाईने काना दिला. फेरतपासणीत तो गुण तसाच राहिला.

पुढच्या सत्राला तो मुलगा आला नाही. खानदेशात मुले अशी गळतातच. कुणी केळीच्या गाडीवर जातो, कुणी सुरतेला, कुणाचे लग्न होते. आम्ही चौकशी केली नाही. आठ वर्षांनी, २०२४ मध्ये, एका ग्रामीण रुग्णालयाच्या बाकावर तो आमच्यापैकी एकाला भेटला आणि त्याने हाक मारली, ‘सर.’ त्या आठ वर्षांचा हिशेब त्याने तिथेच सांगितला. येथे ओळख पटेल असे तपशील आम्ही बदलले आहेत. आधी गावातल्या डॉक्टरकडे सलाईन आणि बी-कॉम्प्लेक्सची इंजेक्शने झाली. छातीत धडधडते म्हणून तालुक्याला कार्डिओग्राम, पोटात कसेसे होते म्हणून सोनोग्राफी. दोन्ही कागद ‘नॉर्मल’. हा शब्द कागदावर वाचला की घरात आपली बाजू आणखी लंगडी होई, असे तो म्हणाला. मग भगत, मग सैलानीची वारी, मग एक लग्न ठरून मोडले. एकदा त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. घरच्यांनी तो पोलिसांच्या भीतीने अपघात म्हणून सांगितला. या सगळ्या वाटेवर एम.बी.बी.एस. झालेले चार डॉक्टर त्याला भेटले होते. चौघेही वाईट नव्हते. एकाने तर फी घेतली नाही. पण झोप कधी मोडते हे चौघांपैकी कुणीही विचारले नाही.

ते का विचारले नाही, हे आम्हांला थोडेफार कळते. त्याला कारण आमचा एक वेगळाच उद्योग आहे.

२०१९ पासून देशातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत नवा, क्षमताधिष्ठित म्हणवला जाणारा अभ्यासक्रम लागू झाला. त्यात सुरुवातीला पायाभूत वर्ग असतो आणि त्या वर्गात स्थानिक भाषाही शिकवायची असते. शासकीय महाविद्यालयांतल्या पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जात असल्याने राजस्थान, केरळ, बिहार असे कुठून कुठून विद्यार्थी येतात. धुळ्याचे शासकीय महाविद्यालय जुने, जळगावचे २०१८ चे, नंदुरबारचे २०२० चे, खासगी आणखी. यांपैकी एका महाविद्यालयाने मराठी शिकवायला आम्हांला बोलावले. आम्ही आनंदाने गेलो आणि पहिल्या वर्षी ‘माझे नाव अमुक आहे’, ‘बाजार कुठे आहे’ असले धडे घेऊन परतलो. भाषा शिकवणाऱ्याला स्वतःच्या भाषेत ऐकू काय येते हे पाहण्याची सवय नसते, याचे ते उत्तम उदाहरण होते.

दुसऱ्या वर्षी एका मल्याळी मुलीने विचारले, ‘जीव घाबरतो’ म्हणजे हृदयाचा रोग का? तिच्या वरिष्ठाने केसपेपरवर तसे लिहिले होते. आम्ही ‘नाही’ म्हटले आणि अडखळलो. जीव म्हणजे काय? प्राण नव्हे, मन नव्हे, काळीज नव्हे, आणि पुन्हा हे सगळेच. जीव लागतो, जीव लागत नाही, जीव जडतो, जीव खालीवर होतो, जीव नकोसा होतो, जीव टांगणीला लागतो. यांतले पहिले प्रेम आहे, दुसरे बहुधा आजार. तिसरे पुन्हा प्रेम. अहिराणीत ‘छातीमा धडधड व्हस’, ‘डोकामा मुंग्या चालतस’ असे सांगणारी बाई हृदयाबद्दल किंवा मेंदूबद्दल बोलत नसते, असे नाही. ती एका संपूर्ण अवस्थेला शरीरातली एक जागा देत असते, कारण डॉक्टरकडे शरीर घेऊनच जायचे असते हे तिला ठाऊक असते. मनाचे दुखणे तिच्या घरात दुखणे मानले जात नाही. मानले गेले तर ते ‘बाहेरचे’ असते, म्हणजे भुताखेताचे. आत आणि बाहेर या दोन शब्दांची अशी अदलाबदल आम्ही संतसाहित्य शिकवताना फार रंगवून सांगतो. दवाखान्यात तिचा परिणाम काय होतो हे आमच्या कधी मनात आले नव्हते.

त्यातही खानदेशी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा हा वाद आम्ही दरवर्षी शिकवतो. ग्रिअर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणात तिला मराठीच्या खंडात न घालता भिली बोलींसोबत ठेवले, यावर परीक्षेत हमखास टीप येते. शिरपूर, चोपडा, यावलच्या सातपुड्याकडच्या पाड्यांवर पावरी बोलली जाते, रावेर-भुसावळकडे लेवा बोली. डॉक्टर मात्र इंग्रजीत शिकतो, सहकाऱ्यांशी हिंदीत बोलतो आणि रुग्णाला मोडक्या मराठीत विचारतो. रुग्ण आपली बोली दडपून त्याच्या मोडक्या मराठीत उत्तर देतो. आजार या दोघांच्या मध्ये कुठेतरी सांडतो.

वैद्यकीय शिक्षणाचा दोष केवळ भाषेचा नाही, वेळेचाही आहे. १९९७ च्या नियमावलीनुसार साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमात मनोविकारशास्त्राच्या वाट्याला दोन आठवड्यांची रुग्णालयीन नेमणूक येई. स्वतंत्र पेपर नाही. मेडिसिनच्या पेपरात थोड्या गुणांचा एखादा प्रश्न. पुढे आंतरवासितेच्या वर्षात हा विषय घेतला तर घेतला. ज्याला परीक्षा नाही ते विद्यार्थी वाचत नाहीत, हे आम्हां अध्यापकांना कुणी सांगायला नको. आमच्याकडे शैलीविज्ञानाला अख्खे सत्र असते, आणि माणसाचे वागणे-बोलणे अंतर्बाह्य बदलून टाकणाऱ्या आजारांना होणाऱ्या डॉक्टराने पंधरवडा द्यायचा! नव्या अभ्यासक्रमात हा काळ काहीसा वाढला. २०२१ च्या नियमांनी आंतरवासितेत मनोविकार विभागात दोन आठवडे सक्तीचे केले. ही वाढ लहान असली तरी खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही.

सामान्य डॉक्टरला हे शिकवता येते, हे देशाला फार पूर्वी कळले होते. १९७५ च्या सुमारास चंदीगडजवळच्या रायपूर राणी येथे आणि बंगळूरजवळच्या सकलवाडा येथे प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या लोकांना मनोविकार ओळखायला शिकवण्याचे प्रयोग झाले. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यातल्या कामाचा नमुना घेऊन १९९६ मध्ये जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. आपल्या शेजारी गोव्यात ‘संगत’ या संस्थेने डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशक म्हणून तयार केले. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले, आणि फायदा ठळकपणे दिसला तो सरकारी आरोग्य केंद्रांत. आम्हांला त्यातली एक गोष्ट विशेष वाटते. ते समुपदेशक रुग्णाच्याच भाषेतले होते.

खानदेश या नकाशावर कायम कडेला राहिला. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे. म्हणजे यावलच्या माणसाने आजारी भावाला घेऊन रात्रभर रेल्वेने जायचे. २०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्सने बारा राज्यांत राष्ट्रीय पाहणी केली. तिच्यात आमच्या उत्तरेचा मध्य प्रदेश होता, पश्चिमेचा गुजरात होता, महाराष्ट्र नव्हता. त्या पाहणीत बहुतेक मनोविकारांच्या बाबतीत दहांतले सात किंवा त्याहून अधिक रुग्ण उपचारांबाहेर असल्याचे आढळले. शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात शासनाने २०१५ मध्ये ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला तो विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत. कापूस मात्र जळगावातही पिकतो.

आता त्या मुलाकडे यायला हवे. त्याला शेवटी ज्या तरुण डॉक्टर मुलीने ओळखले, ती एम.बी.बी.एस. नंतरच्या एक वर्षाच्या शासकीय सेवाबंधनावर त्या ग्रामीण रुग्णालयात आली होती. तो ‘पोटदुखी’ घेऊन गेला होता. तिने पोट तपासले आणि मग विचारले, झोप कधी मोडते? पहाटे जास्त वाईट वाटते की संध्याकाळी? मरणाचा विचार येतो का? शेवटचा प्रश्न तिने आवाज न बदलता विचारला, असे तो दोनदा म्हणाला. आणि त्याने जे सांगितले ते तिने केसपेपरवर जसेच्या तसे लिहिले : ‘मना जीव लागत नही.’ खाली इंग्रजीत निदान, गोळीचे नाव आणि जिल्ह्याच्या मनोविकार विभागाकडे पाठवल्याची नोंद.

आम्ही तिला जाऊन भेटलो. हे कुठे शिकलात, असे विचारले. ती हसली आणि तिच्या विभागप्रमुखांचे नाव घेतले. ते आमच्याही परिचयाचे निघाले, कारण आम्हांला पायाभूत वर्गानंतर वॉर्डात बोलावणारे तेच. नाव येथे देत नाही. त्यांना ते आवडणार नाही. त्यांचा नियम एकच होता. रुग्णाची मुख्य तक्रार त्याच्याच शब्दांत लिहा, हे वैद्यकाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते आणि कुणी पाळत नाही. यांच्या विभागात ते वाक्य बोलीत, देवनागरीत लिहिलेले नसेल तर केस सादरच करता येत नसे. निवासी डॉक्टर कुरकुरत. बाहेरच्या राज्यातल्यांना परिचारिकांकडून, सफाई कामगारांकडून वाक्य लिहून घ्यावे लागे, आणि तसे करता करता त्यांना कळे की वॉर्डात रुग्णाचे सर्वांत जास्त कुणाला समजते. मेडिसिन आणि स्त्रीरोग विभागांच्या प्रमुखांकडे जाऊन त्यांनी त्यांचेही आंतरवासी आठवड्यातून एकदा आपल्या बाह्यरुग्ण विभागात बसवून घेतले. यासाठी परिपत्रक निघाले नाही, निधी लागला नाही. लागली ती बरीच चहापाण्याची आर्जवे.

नेतृत्व हा शब्द व्यवस्थापनाच्या शिबिरांनी इतका झिजवला आहे की तो वापरायला आम्हांला संकोच वाटतो. पण या गोष्टीला दुसरा शब्द नाही. आणि त्याची मर्यादाही तिथेच दिसली. २०२३ मध्ये त्यांची बदली झाली आणि सहा महिन्यांत केसपेपरवरची वाक्ये पुन्हा इंग्रजी झाली. कुणी बंद केली नाहीत, ती आपोआप बंद पडली. आमच्याही विभागांत चांगल्या प्राध्यापकाबरोबर भित्तिपत्रक निवृत्त होते, त्यामुळे दुसऱ्यांना बोल लावण्याचा अधिकार आम्हांला नाही. मात्र चांगली सवय एका माणसाच्या बदलीच्या आदेशाबरोबर जाते, ही व्यवस्था वैद्यकात परवडणारी नाही, एवढे आम्हांला वाटते.

धुळ्याला या विषयात एक वेगळे नाव आहे, आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी ते जाणले पाहिजे. डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे धुळे जिल्ह्यातले, कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. पत्नीच्या आजारातून त्यांना स्किझोफ्रेनियाशी झगडणाऱ्या घरांचे एकाकीपण कळले. पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटामागेही ते होते. त्याच माणसाने वडिलांच्या नावाने धुळ्यात का. स. वाणी मराठी प्रगत अध्ययन संस्था उभी केली. आमच्यासारखे कित्येक जण तिथे चर्चासत्रांना जाऊन जेवून आले. भाषा आणि मानसिक आजार ही दोन कामे एकाच माणसाने का केली असावीत, हा प्रश्न त्या जेवणांच्या वेळी आम्हांला पडला नाही. २०१७ मध्ये ते गेले. ‘घाशीराम कोतवाल’मधले नाना म्हणून मराठी रसिक ज्यांना ओळखतात ते डॉ. मोहन आगाशे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि चित्रपट हे मानसिक आरोग्याच्या शिक्षणाचे साधन आहे असे ते सातत्याने मांडत आले. म्हणजे वैद्यकाने साहित्य-कलेकडे हात पुढे केलेला होता. आम्ही, साहित्याच्या बाजूचे लोक, तो हात पाहत नव्हतो.

पाहिला असता तर कदाचित काही गोष्टी वेगळ्या शिकवल्या असत्या. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने त्यांनीच टिपून घेतली. खानदेशात दर ११ जूनला त्यांच्या पुण्यतिथीची भाषणे होतात. आम्हीही केली आहेत. १९५० मध्ये त्यांनी स्वतः जीवन संपवले, हे आम्ही एका वाक्यात, आवाज खाली आणून सांगतो आणि लगेच ‘संवेदनशील मन’ या शब्दांत गुंडाळतो. मृतांचे निदान करू नये. बालकवींचेही नाही, गुरुजींचेही नाही. पण समोर बसलेल्या साठ मुलांपैकी एखाद्याला त्या शब्दांतून काय ऐकू येत असेल? दुःख हे मोठ्या माणसाचे लक्षण आहे, आणि त्यावर बोलायचे ते मेल्यानंतर इतरांनी. निदान तेवढे तरी आम्ही आता बदलले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखालचा माणूस मानले. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेचे ३०९ कलमही राहिले नाही. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’शी मराठीत बोलता येते. हे सारे ११ जूनच्या भाषणात सांगता येते, आणि सांगितल्याने गुरुजी लहान होत नाहीत.

त्या मुलाला आता बरे आहे. ‘बरे’ म्हणजे गोळ्या चालू आहेत, दीड वर्षात दोनदा घसरण झाली, आणि त्याने बाहेरून पदवीचा फॉर्म भरला आहे. आपल्या जुन्या उत्तरपत्रिकेची त्याला आठवण होती. गुण किती मिळाले होते, असे त्याने विचारले. चौदा, आम्ही म्हणालो. एक कशाचा गेला, हेही सांगितले. तो काही बोलला नाही, बराच वेळ चप्पल जमिनीवर घासत राहिला.

त्या डॉक्टर मुलीचे बंधनाचे वर्ष संपले. आता तिथे नवा डॉक्टर आला आहे, बिहारचा. मागच्या महिन्यात आमच्या विद्यार्थ्याने जुना केसपेपर त्याच्यापुढे ठेवला. नव्या डॉक्टरने इंग्रजी भाग वाचला, मग देवनागरी वाक्यावर बोट ठेवून विचारले, इसका मतलब क्या है? याने समजावून सांगितले. हिंदीत नीट सांगता येईना, तेव्हा पहाटेचे सांगितले, आढ्याचे सांगितले, भाकरीचे सांगितले. दहा-बारा मिनिटे गेली. बाहेर रांगेतले लोक दार वाजवू लागले. डॉक्टरने ते सारे एका चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवले. याची मात्र साडेबाराची बस चुकली.